वहिवाटीचा रस्ता

मुंबई ते पुणे ही सायकलींची शर्यत १९४५ च्या सुमारास सुरू झाली आणि अधूनमधून खंड पडूनही ती टिकली. पुण्याला प्रथम पोहोचेल तो विजयी, हा तिचा सरळ नियम. तथापि बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास तीत एक वेगळाच किताब मिळतो : 'घाटाचा राजा'. हा घाट सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, गाड्यांसाठी खुला झाला. रस्ता गव्हर्नराने बांधविला, राज्य मात्र छाती फुटेपर्यंत पायडल मारणाऱ्या पोराचे! या लोकव्यवहारात इतिहासाचे एक मर्म आहे.

असाच एक रस्ता फ्रान्सच्या उत्तरेस आहे. रूबे हे तिकडचे कापडगिरण्यांचे गाव. तेओदोर व्हिएन आणि मोरीस पेरेझ या दोघा गिरणीवाल्यांनी तेथे १८९५ मध्ये सायकलींचे क्रीडांगण बांधले आणि त्याकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून १८९६ मध्ये पॅरिसहून रूबेपर्यंत धंदेवाईक सायकलपटूंची एकदिवसीय शर्यत ठेवली. सुमारे २८० किलोमीटरांची ती पहिली शर्यत जोसेफ फिशर या जर्मनाने जिंकली. हेतू निव्वळ जाहिरातीचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. पुढे पहिले महायुद्ध याच भूमीवरून गेले. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा भरली तेव्हा वाटेवरची उद्ध्वस्त गावे पाहून तिला 'उत्तरेचा नरक' हे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर निराळेच संकट आले. शर्यत ज्या ओबडधोबड फरसबंदीवरून जाई, त्या गाववाटांवर डांबर पडू लागले. मागासलेपणाची ही खूण कोणत्या गावाला हवीशी वाटणार? तेव्हा आयोजक जुने दगड शोधीत हिंडू लागले. आरेनबेर्गच्या अरण्यातील वाट त्यांना झां स्ताब्लिन्स्की याने दाखविली, आणि १९६८ पासून ती शर्यतीत आली. हा १९६२ चा जगज्जेता. पण तरुणपणी त्याच परिसरातील कोळशाच्या खाणीत राबलेला. १९८३ मध्ये तर ही फरसबंदी जपण्यासाठी एक मंडळच निघाले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. रूबेचे नाव मात्र त्या शर्यतीने जगाच्या तोंडी ठेवले. विजेत्याला आजही बक्षीस मिळते ते त्याच रस्त्यातला एक दगड!

हे वाचताना धाराशिव जिल्ह्यातील माणसाला तेर आठवल्यावाचून राहत नाही. तेरणेकाठचे हे गाव एके काळी असेच कापडाचे गाव होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नगराचा उल्लेख आहे : पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर. तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, जेथे धड रस्तेही नव्हते अशा मुलखातून, थेट भडोच बंदराला जाई. म्हणजे महिनाभराची वाट! बैलांच्या खांद्यांचे आणि गाडीवानांच्या कमरेचे काय होत असेल, त्याचा हिशेब त्या ग्रंथात नाही.

पुढे हा व्यापार बसला, वाट बुजली आणि गावाची ओळखही पुसली. तगर कोठले, यावर विद्वानांचे वाद झडले. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, हे सप्रमाण मांडले. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर गावात उभे होते, गोरोबाकाकांची समाधी होती. तरी नाव सापडायला इतकी शतके लागली.

रूबेचे नाव राहिले आणि तगराचे हरवले, यात दैवाचा भाग किती आणि वहिवाटीचा किती? आपल्याकडे शेताच्या बांधावरची वाटसुद्धा वहिवाटीने टिकते. कोणी चालेनासे झाले की तीवर नांगर फिरतो. ग्रंथातली एक ओळ पंडितांना पुरते, गावाला पुरत नाही.

वहिवाट आम्हांला अपरिचित आहे असे मात्र नव्हे. दरवर्षी कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर हजारो माणसे पायी तुडवितात. तेथे पहिला कोणी नाही, शेवटचाही नाही. पण तो रस्ता कोठून कोठे जातो, हे शोधण्यासाठी उद्या कोणा फ्लीटसाहेबाची गरज पडणार नाही.