किल्लीचे गणित आणि पेटंटची सरहद्द

गिरगावातील एका विद्यार्थिनीला दादरच्या मित्राला गुप्त संदेश पाठवायचा आहे. संदेश कुलूपबंद करता येईल. पण किल्ली पाठवायची कशी? वाटेत कोणी तिची नक्कल केली तर सारे फुकट. या अडचणीवर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये उपाय प्रसिद्ध केला.

तो वर्गात करून दाखवता येतो. दोघांनी २ आणि ११ या संख्या उघडपणे ठरवल्या. मुलीने मनात ३ धरला. २ चा तिसरा घात ८. त्याला ११ ने भागून बाकी ८, ती तिने कळवली. मुलाने ४ धरला. २ चा चौथा घात १६, बाकी ५, ती त्याने कळवली. आता मुलगी ५ चा तिसरा घात काढते : १२५, बाकी ४. मुलगा ८ चा चौथा घात काढतो : ४०९६, बाकी ४. ही ४ म्हणजे किल्ली. ती वाटेने गेलीच नाही. प्रत्यक्षात शेकडो अंकी संख्या घेतात. मग चोरून ऐकणाऱ्याला मनातली संख्या शोधणे जवळजवळ अशक्य होते.

या रीतीला अमेरिकेत २९ एप्रिल १९८० रोजी पेटंट मिळाले (क्रमांक ४२,००,७७०). त्याची मुदत १९९७ मध्ये संपली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांच्या 'आरएसए' पद्धतीचे पेटंट १९८३ ते २००० असे चालले.

यातून काय गुंता झाला ते फिल झिमरमन यांच्या 'पीजीपी' या आज्ञावलीवरून दिसते. १९९१ मध्ये ती विनामूल्य प्रसृत झाली. आज्ञावली त्यांची, पण तीत वापरलेली आरएसए पद्धत दुसऱ्याची. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुरावर असतो, पेटंट रीतीवर. म्हणून स्वतःच्या हाताने नव्याने लिहिले तरी पेटंटमधून सुटका नाही. १९९४ मध्ये एम.आय.टी.ने पेटंटधारकांच्या 'आरएसएरेफ' या संचावर बेतलेली आवृत्ती काढली. ती बिगर-व्यापारी वापरापुरती होती. अमेरिकेबाहेरच्या आवृत्तीत मात्र झिमरमन यांचेच गणित राहिले, कारण आरएसएचे पेटंट फक्त अमेरिकेत होते. पेटंटला देशाची सरहद्द असते आणि मुदतही.

आपल्याकडे काय? मुंबईचे पेटंट कार्यालय पूर्वी लोअर परळच्या सन मिल आवारात होते, नंतर ते अँटॉप हिलला गेले. तेथे १९७० चा पेटंट कायदा लागू होतो. त्यातील २००२ च्या दुरुस्तीनुसार गणिती रीत, गणनविधी आणि निव्वळ संगणक आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. पण 'निव्वळ' या शब्दाच्या अर्थावरून वाद होत आले आहेत. शिवाय परळमध्ये लिहिलेली आज्ञावली अमेरिकेत विकायची, तर तिथला कायदा लागू होतो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. क्वांटम संगणकापुढे टिकेल अशी 'कायबर' ही किल्ली-पद्धत अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने २०२२ मध्ये निवडली, तेव्हा पेटंटधारकांशी परवान्याचे करार करावे लागले. २०२४ मध्ये ती प्रमाण म्हणून जाहीर झाली.

दुसऱ्याची आज्ञावली प्रकल्पात घेणाऱ्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, असे आम्ही सुचवतो : हा मजकूर वापरण्याची परवानगी आहे का? आणि त्यातली रीत, या देशात, या वर्षी, मोकळी आहे का?