सूर्याची भासमान गती : सिम्युलेशनद्वारे अध्यापन

पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतो. तिचा अक्ष सुमारे 23.4 अंश कललेला असल्याने वर्षभरात सूर्य उत्तरायण-दक्षिणायनही करतो. या दोन्ही गती माध्यमिक शाळेत संगणकीय सिम्युलेशनने शिकवण्याची ही पद्धत. वर्षभराचा बदल एका तासिकेत दाखवता येतो, हे तिचे मुख्य बळ.

शाळेसाठी स्टेलॅरियम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सर्वांत सोयीचे. फाबियँ शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने या शतकाच्या आरंभी ते लिहायला घेतले. त्यात पुणे (18.5 अंश उत्तर) हे स्थळ निवडून 21 जूनचा दिवस चालवला, तर सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो आणि माध्यान्ही उत्तर आकाशात, क्षितिजापासून 85 अंशांवर असतो. डिसेंबरच्या अयनदिनी तोच दक्षिणेला, जेमतेम 48 अंशांवर. ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर’ ही मुलांची (आणि बऱ्याच मोठ्यांचीही) समजूत इथे ढासळते. पुण्यात तो नेमका माथ्यावर येतो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस. तेही बाराला नव्हे, तर साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान. कारण आपली घड्याळे 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ दाखवतात.

कीबोर्डवरची ‘=’ ही कळ दाबली की तारीख एका दिवसाने पुढे जाते, घड्याळातली वेळ तीच राहते. ती दाबत राहिल्यास वर्षभरात सूर्य आकाशात इंग्रजी 8 सारखी आकृती काढतो. अक्षाचा कल आणि लंबवर्तुळाकार कक्षा ही तिची कारणे. आठवीत आकृती दाखवावी, कारणांच्या खोलात शिरू नये.

सूर्य पडद्यावर आपोआप फिरत राहिला, तर मुले नुसती बघत बसतात. म्हणून आधी मैदानात काठी रोवून दर अर्ध्या तासाने सावलीचे टोक खडूने नोंदवावे, पुढच्या महिन्यात ती लांबेल की आखडेल याचा अंदाज वहीत लिहून घ्यावा, आणि मगच संगणक लावावा. हा क्रम उलटला की अंदाजाला अर्थ उरत नाही. दुसरी अडचण अशी की आकाशाचा घुमट सपाट पडद्यावर ताणला जातो, दिशांचा गोंधळ होतो. त्यावर घुमट बाहेरून दाखवणारे नेब्रास्का विद्यापीठाचे सिम्युलेशन उपयोगी होते. पण ते मूळ फ्लॅशमध्ये होते आणि 2020 अखेर फ्लॅशचा आधार बंद झाला. स्टेलॅरियम मात्र एकदा संगणकावर बसवले की इंटरनेटशिवायही चालते.