ग्लॅडिएटर

ग्लॅडिएटर हे प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर शस्त्रांनी लढणारे योद्धे होत. हे नाव आखूड तलवार या अर्थाच्या ‘ग्लॅडियस’ या लॅटिन शब्दावरून आले. त्यांत बहुसंख्य युद्धकैदी, गुलाम व शिक्षा झालेले गुन्हेगार असत. काही स्वतंत्र नागरिकही पैशासाठी करार करून या पेशात येत.

उगम व विस्तार

रोममधील पहिल्या ज्ञात लढती इ.स.पू. २६४ मध्ये ब्रुटस पेरा याच्या अंत्यविधीप्रसंगी त्याच्या पुत्रांनी भरविल्या. मृताप्रती कर्तव्य या अर्थाने अशा खेळांना ‘म्युनस’ म्हणत. पुढे राजकीय पुढाऱ्यांनी लोकप्रियतेसाठी त्यांचा वापर केला. इ.स.पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझरने वडिलांच्या स्मरणार्थ ३२० जोड्या लढविल्या. तेव्हा वडिलांच्या मृत्यूला सुमारे वीस वर्षे लोटली होती. साम्राज्यकाळात रोममधील हे खेळ सम्राटांच्या नियंत्रणाखाली आले. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसच्या कारकिर्दीत कलोसियमचे उद्घाटन झाले आणि त्यानिमित्त शंभर दिवस खेळ चालले.

लढतीचे स्वरूप

जाळे व त्रिशूळ घेतलेला ‘रेटियारियस’ आणि शिरस्त्राण व मोठी ढाल धारण केलेला ‘सेक्युटर’ ही जोडी विशेष प्रसिद्ध होती. प्रत्येक लढत मृत्यूनेच संपत नसे. पराभूत योद्धा बोट उंचावून दयेची याचना करी आणि खेळांचा आयोजक प्रेक्षकांचा कल पाहून निर्णय देई. या निर्णयाला आर्थिक बाजूही होती. कायदेपंडित गायस याने दिलेल्या उदाहरणानुसार योद्धा सुखरूप परतल्यास मालकाला २० दिनार, तर तो ठार किंवा जायबंदी झाल्यास १००० दिनार देणे लागे. पहिल्या स्थितीत तो व्यवहार भाड्याचा, तर दुसऱ्या स्थितीत विक्रीचा मानला जाई.

सामाजिक स्थान

विजयी ग्लॅडिएटरांची नावे पाँपेईच्या भिंतींवर कोरलेली आढळतात. तरीही कायद्याने ते कलंकित मानले जात व सार्वजनिक पदे त्यांना वर्ज्य असत. इ.स.पू. ७३ मध्ये स्पार्टाकस व त्याचे साथीदार कापुआ येथील प्रशिक्षणशाळेतून निसटले आणि त्यातून गुलामांचा मोठा उठाव झाला. इ.स.पू. ७१ मध्ये तो मोडून काढल्यावर सुमारे ६००० बंदिवानांना ॲपियन मार्गालगत क्रुसावर चढविण्यात आले.

ऱ्हास

इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने या खेळांविरुद्ध फर्मान काढले, परंतु ते लगेच थांबले नाहीत. ख्रिस्ती धर्माचा प्रभाव व साम्राज्याची खालावलेली आर्थिक स्थिती यांमुळे पाचव्या शतकात ग्लॅडिएटरांच्या लढती लोप पावल्या. रथांच्या शर्यती व वन्य पशूंच्या शिकारीचे खेळ मात्र त्यानंतरही चालू राहिले.