बॉम्बे रक्तगट

बॉम्बे रक्तगट (एचएच किंवा ओएच रक्तगट) हा मानवी रक्ताचा एक अत्यंत दुर्मिळ गट आहे. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन नसतो. त्यांच्या रक्तद्रवात मात्र या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ असल्याचे भासते. परंतु अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते.

शोध

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात या गटाची प्रथम नोंद केली. तो मुंबईत आढळल्याने शहराच्या तत्कालीन इंग्रजी नावावरून ओळखला जाऊ लागला. भारतात त्याचे प्रमाण अंदाजे १०,००० व्यक्तींमागे एक, तर युरोपात १० लाखांमागे एक मानले जाते.

कारण

एच प्रतिजन हा ए आणि बी प्रतिजनांचा पाया असतो. एफयूटी१ या जनुकापासून बनणारे विकर पेशीपृष्ठावरील शर्करासाखळीला फ्युकोज ही शर्करा जोडते व त्यातून एच प्रतिजन तयार होतो. ओ गटात तो तसाच राहतो. ए व बी गटांत त्याला आणखी एक शर्करा जोडली जाते. आई व वडील दोघांकडूनही या जनुकाची निकामी प्रत मिळाल्यास पायाच तयार होत नाही. ए किंवा बीचे जनुक असूनही ते व्यक्त होत नाही. पुढच्या पिढीत मात्र ते प्रकट होऊ शकते. त्यामुळे ‘ओ’ समजल्या गेलेल्या पालकांचे अपत्य ए किंवा बी गटाचे निघू शकते.

प्रतिरक्षा प्रतिक्रिया

एच प्रतिजन शरीरात नसल्याने प्रतिरक्षा संस्था त्याला परके मानते. एचविरोधी प्रतिपिंडे पूर्वी रक्त घेतलेले नसतानाही आढळतात. ती प्रामुख्याने आयजीएम प्रकारची असून शरीराच्या तापमानाला सक्रिय असतात. ओ गटाच्या पेशींवर एच प्रतिजन विपुल असल्याने ही प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. त्यामुळे पूरक प्रथिनांची साखळी कार्यान्वित होते व पेशींच्या पटलाला छिद्रे पडून त्या रक्तवाहिन्यांतच फुटतात. परिणामी मूत्रपिंडे निकामी होणे, रक्तदाब कोसळणे किंवा मृत्यू ओढवणे संभवते.

निदान व रक्तसंक्रमण

केवळ ए व बीविरोधी द्रावणांनी केलेल्या तपासणीत हा गट ओळखता येत नाही. रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळल्यावर पुंजके झाल्यास संशय येतो. एचविरोधी लेक्टिनची चाचणी नकारात्मक आल्यास त्याला पुष्टी मिळते. रक्त देण्यापूर्वीच्या जुळवणी चाचणीतही विसंगती दिसते. या रुग्णांना बॉम्बे गटाच्याच तांबड्या पेशी चालतात, त्यांतही आरएच घटक जुळावा लागतो. सख्ख्या भावंडांत हा गट आढळण्याची शक्यता अधिक असल्याने त्यांची तपासणी केली जाते. नियोजित शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे स्वतःचे रक्त आधी साठवता येते.