चष्मा, कवळी आणि राजीनामा

मोठी आत्या पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून शिकून साठच्या दशकात साउथ वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात डॉक्टर म्हणून गेली. सुट्टीवर आली की तिथल्या म्हाताऱ्या पेशंटांच्या गोष्टी सांगे. १९११च्या विमा कायद्यानं कामगाराला डॉक्टर मिळाला होता, त्याच्या बायकामुलांना नाही. एक आजी आत्याला म्हणाली होती, "अंग बाहेर यायचं, तरी फडकं घट्ट बांधून नवऱ्याचे कोळशानं माखलेले कपडे धुवायचे. डॉक्टरच्या बिलात पोरांचे बूट गेले असते." ५ जुलै १९४८ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेल्या अशा बायका दवाखान्यात येऊ लागल्या.

ही सेवा उभारणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन याच भागातले. खोऱ्यातली माणसं त्यांना नुसतं 'नाय' म्हणत. पोरवयात खाणीत उतरलेला हा माणूस १९२९ला एबू व्हेलमधून खासदार झाला. वडील खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन गेले होते. ट्रेडेगर या त्यांच्या गावी कामगार पगारातून वर्गणी काढून डॉक्टर, दवाखाना चालवत. बेव्हन यांनी तीच सोय देशभर केली, फक्त वर्गणीच्या जागी कराचा पैसा आला. बहुसंख्य डॉक्टरांचा विरोध होता. दुसऱ्या महायुद्धानं देश कर्जात बुडाला होता, पावसुद्धा रेशनवर होता. आधी तिजोरी भरू, मग आरोग्याचं बघू, असं म्हणायला याहून सोयीची वेळ नव्हती. बेव्हन तसं म्हणाले नाहीत, हे मला त्यांचं सर्वांत मोठं अर्थशास्त्र वाटतं.

१९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढला. अर्थमंत्री गेट्सकेल यांनी कवळी आणि चष्म्याचा अर्धा खर्च पेशंटवर टाकला. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. त्यांनी मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी कुणी मंत्रिपद सोडतं का, असं मी आत्याला विचारलं होतं. ती चिडलीच. "दात नसलेल्या माणसाला भाकरी चावता येत नाही रे! आज कवळीचे पैसे घेतले, तर उद्या औषधाचे घेतील."

पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग लागू झाला. वेल्सनं ते शुल्क २००७ साली पूर्ण रद्द केलं. इंग्लंडमध्ये, सूट नसलेल्यांना, ते आजही भरावं लागतं.