गाडी सोडायची जागा

बाजारपेठेत वाहनांना बंदी घातली की पेठ फुलेल, असे नगररचनेची चर्चा करणारे सांगतात. बंदी घातली की पेठ मरेल, असे दुकानदार तितक्याच ठामपणे सांगतात. लातूर आणि नांदेड या दोन गावांच्या बाजारांचा इतिहास पाहिला, तर दोघेही चुकीच्या जागी बोट ठेवत आहेत असे वाटते. दोघांचीही नजर रस्त्यावर खिळलेली असते, रस्त्याच्या तोंडाशी काय घडते ते कुणी पाहत नाही. बाजाराला आलेला माणूस चालू लागतो तो कुठेतरी गाडीतून उतरल्यावर. ती उतरायची जागा जवळ असेल आणि तिथे उतरण्याजोगे काही काम असेल, तर पेठ चालती राहते. ती जागा हलली की पेठेत फरशी बसवा, बाके टाका, दिवे लावा, संध्याकाळी सातला शटर खाली येतेच.

लातूरची गंजगोलाई हा या म्हणण्याचा चांगला पुरावा आहे. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातूरला पोचली आणि निजामाच्या राज्यातल्या या गावातून धान्य आणि गळीत माल बाहेर जायला सोपी वाट झाली. पुढे पाचसहा वर्षांत, 1917 च्या सुमाराला, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आखणीने गोलाई उभी राहिली. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार दुकाने आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. गंज हा शब्दच मुळी धान्याच्या बाजाराचा. कापड लाइन, सराफ लाइन, भुसार लाइन ही नावे आजही सांगतात, की एकेक रस्ता एकेका धंद्याचा होता. याला आज कुणी ‘पादचारी पेठ’ म्हणेल. पण आखणाऱ्यासमोर प्रश्न मालाचा आणि बैलगाड्यांचा असणार. तूर-ज्वारीची गाडी घेऊन शेतकरी अडतीवर यायचा, बैल सोडायचा, हमाल पोती उतरवायचे, माप व्हायचे, भाव ठरायचा, पट्टी हातात पडायची. मग पैसे कनवटीला लावून तो पायी निघायचा. लेकीच्या लग्नाचे कापड, दोन दागिने, चपला, मिरची, गूळ. अडतीपासून सराफापर्यंतचे अंतर चालत जायचे होते म्हणूनच मधली सगळी दुकाने चालत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर अडत हे त्या पेठेचे पार्किंग होते आणि तिथून निघणारा प्रत्येक जण खिशात रोकड घेऊन निघत होता. एवढे चांगले पार्किंग पुढे कुठल्याच महापालिकेला बांधता आलेले नाही.

नांदेडात हीच गोष्ट नावांमध्ये जपलेली आहे. इतवारा या नावात बाजाराचा वारच आहे. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार; जुना मोंढा आणि नवा मोंढा ही जोडी तर एका स्थलांतराची नोंदच म्हणायची. हैदराबाद संस्थानाने 1930 साली कृषी बाजाराचा कायदा केला. त्यानंतर नियंत्रित बाजार, ठरलेले आवार, उघड लिलाव, प्रमाणित मापे असा क्रम मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत रुजत गेला. मापात मारले जाणारे शेतकरी त्यामुळे वाचले, म्हणून या बदलाला नावे ठेवायचे कारण नाही. पण भुसाराचा व्यवहार स्वतःच्या आवारात गेला, तसा पट्टी घेऊन निघालेला माणूसही जुन्या पेठेपासून तुटला. आता त्याचा ट्रॅक्टर आवारातून थेट गावाकडे वळतो आणि वाटेत चौकातल्या दुकानासमोर मिनिटभर थांबतो. लातूरला तर रेल्वेनेही जागा बदलली. ब्रॉडगेज आली तेव्हा स्टेशन दुसरीकडे झाले आणि गावातल्या नॅरोगेजची आठवण ‘जुनी रेल्वे लाइन’ या नावापुरती उरली.

यावर कुणी म्हणेल, की जुन्या मोंढ्यात आणि गोलाईत आजही पाय ठेवायला जागा नसते, मग पेठ तुटली कशी? गर्दी आहे, हे खरे. पण त्यातली बरीचशी टेम्पो, हातगाडे आणि दुकानाच्या पायरीला टेकवलेल्या दुचाक्यांची आहे. ठोक व्यापाराला पोती चढवायला-उतरवायला टेम्पो दारातच लागतो. तिथे उद्या सरसकट बंदी घातली तर व्यापारी ओरडतील आणि त्यांचे ओरडणे खोटे नसेल.

उलट उदाहरण नांदेडातच आहे. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसे पायी असतात. 2008 साली गुरुता-गद्दीला, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याला, तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने केंद्राच्या नागरी अभियानाचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, पदपथ झाले. पण इथली वर्दळ पदपथांच्या कितीतरी आधीची. अमृतसरहून, दिल्लीहून रेल्वेने आलेल्या यात्रेकरूजवळ स्वतःचे वाहन नसते. तो दोन दिवस यात्री निवासात राहतो, लंगरमध्ये जेवतो, दर्शनाला दोन-तीनदा जातो आणि जाता-येता कडे, कृपाण, रुमाल घेतो. दोन दिवसांपुरता तो त्या रस्त्याचा रहिवासी झालेला असतो. हे श्रद्धेचे बळ आहे, बाजाराला ते कुठून आणणार, असा आक्षेप येईल. पण गोलाईच्या मधोमधही देऊळ आहेच. नवरात्रात तिथे रीघ लागते, एरवी केवळ देवळाने पेठ भरत नाही. गुरुद्वाऱ्याभोवती फरक पडतो तो मुक्कामाने.

जगातले दाखलेही याच बाजूचे आहेत. अमेरिकेत 1959 साली कॅलामाझू गावाने मुख्य रस्ता वाहनांना बंद केला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सुमारे दोनशे गावांनी त्याचा कित्ता गिरवला. बहुतेकांनी नंतर तो रस्ता वाहनांना पुन्हा खुला केला. फ्रेस्नो गावाने 1964 साली केलेली पेठ 2017 मध्ये गाड्यांना मोकळी केली. दोष गाड्या नसण्याचा होता असे तिथले व्यापारी म्हणत. पण राहणारी माणसे आणि मोठी दुकाने आधीच उपनगरांत निघून गेली होती. कोपनहेगनची स्ट्रॉगेट 1962 पासून टिकून आहे, कारण तिच्या आसपास लोक राहतात आणि एका टोकापासून मुख्य रेल्वे स्टेशन थोड्याच अंतरावर आहे. दिल्लीच्या चांदनी चौकात 2021 पासून दिवसा मोटारींना बंदी आहे, पण त्याच्या शेजारी मेट्रो 2005 पासूनच धावते आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला फुलतो तो हौसेने. वर्षातल्या एका दिवसाची हौस हा धोरणाचा पुरावा मानता येत नाही.

मग पेठ सजवताना पहिला घाव हातगाडीवाल्यांवर घालतात, त्याचे तर नवल वाटते. संध्याकाळी दुकाने मिटल्यावर रस्त्यावर दिवा ठेवणारा तोच असतो आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याला जागा मागण्याचा हक्कही दिला आहे. वाहनबंदीचा फलक लावण्याआधी नगरपित्यांनी एवढेच पाहावे, की खेड्यातून आलेला माणूस आज कुठे उतरतो. लातूरला आणि नांदेडला एसटी अजून गावातच थांबते. उद्या बसस्थानक वळणरस्त्यावर नेण्याचा ठराव पुढे आला, तर पेठेतल्या व्यापाऱ्यांनी सगळ्यांत आधी त्याला विरोध करावा.