लोणी

लोणी (नाम, नपुंसकलिंगी, सामान्यरूप 'लोण्या-') : दही घुसळल्यावर ताकावर तरंगून येणारा स्निग्ध गोळा. मूळ संस्कृत 'नवनीत', म्हणजे नुकतेच काढलेले. प्राकृतात त्याचे 'णवणीअ' झाले आणि मराठीत आरंभीच्या 'न'चा 'ल'. 'निंबा'चा 'लिंब' झाला तो याच वाटेने. कोकणीतही हाच शब्द आहे.

ताजे लोणी कढवून केलेले तूप ते लोणकढे. ताजेपणाचा हा अर्थ 'लोणकढी थाप' या प्रयोगात टिकला: नुकतीच रचलेली, अजून ऊन असलेली थाप. 'लोणी लावणे' म्हणजे खुशामत. 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे' हा मात्र मराठीतला अत्यंत कठोर वाक्प्रचार. तो मृताच्या टाळूला लोणी लावण्याच्या रीतीवरून आला आणि दुसऱ्याच्या दुःखावर कमाई करणाऱ्याला तो लावतात. पंढरपुरी काकड आरतीला विठ्ठलाला लोणी-खडीसाखरेचा नैवेद्य असतो.

'लोणचे', 'लोणार', 'लोणारी' हे शब्द या कुळातले नव्हेत. त्यांचे मूळ 'लवण', म्हणजे मीठ; त्याचेच मराठी रूप 'लोण'. 'नव' आणि 'लव' झिजून दोन्हीकडे 'लो' उरला, एवढेच साम्य.

ग्रामनामांत हे दोन प्रवाह ओळखणे अवघड होते. एकट्या पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकर (बारामती) आणि लोणी देवकर (इंदापूर) अशी गावे आहेत. नाव एकच, म्हणून ओळखीला पुढे आडनाव जोडले गेले. लोणी देवकर पुणे-सोलापूर महामार्गावर असून तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव आता दूरवर ऐकू येते. तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर लोणी काळभोरला मुक्काम करते.

दूधदुभत्याचा भाग, म्हणून लोणी, ही व्युत्पत्ती सहज सुचते. पण तेवढ्यावर थांबू नये. खाऱ्या जमिनीचा 'लोण'ही तितकाच संभवतो. मात्र त्यासाठी कालव्यांचा दाखला देणे चूक ठरेल. बारामती-इंदापूर भागातल्या नीरा डाव्या कालव्याखाली जमिनी खारावल्या हे खरे. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर पुस्तिकाच लिहिली. पण तो कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि लोणी भापकरची मंदिरे मध्ययुगातली आहेत; म्हणजे गाव कालव्याच्या कितीतरी आधीचे.